कंडक्टर काकांची लेडीज सीट

अर्ज भरून झाला की गवई काका टेबलावरची पितळी घंटी दोनदा वाजवायचे. ऑफिसात साहेब लोक शिपायाला बोलवायला ठेवतात, तसली ती घंटी. दोनदा वाजली की समोरच्याने उठायचं आणि मागच्याने पुढे सरकायचं. एकदाच वाजली तर जागच्या जागी थांबायचं. म्हणजे नेट गेलं, नाहीतर एखादा कागद कमी पडला, नाहीतर काकांना काहीतरी खटकलं. धाडच्या बसस्टँडसमोरच्या त्यांच्या ऑनलाइन सेंटरात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण आमच्या भागात ते कुणाला शिकवावंही लागायचं नाही. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेल्या या माणसाची डबल बेल सगळ्यांनी बसमध्येच ऐकलेली होती.

माझं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. लग्न होऊन मी जालन्याकडून इथे आले आणि नवऱ्याने स्टुडिओ माझ्या गळ्यात मारून स्वतः शेताची वाट धरली. पहिल्याच आठवड्यात काका दारात येऊन उभे राहिले. उंच, किडकिडीत, कानावर पेन. दोन पायांत अंतर ठेवून असे उभे, की जणू खालची जमीन आता वळण घेणार आहे.

"ओ स्टुडिओ!" ते म्हणाले. "फोटो काढतांना माणसाले जरा हसू देत जा ना. मायाकडं तुमचे जे फोटो येऊन राह्यले, त्यात सारे पोलीस स्टेशनातून सुटून आल्यावानी दिसतात."

"अर्जावर हसरा फोटो चालत नाही काका."

"अर्जावर नसन चालत. काढाच्या आधी तं चालते!"

त्या दिवसापासून मी 'स्टुडिओ' झाले. माझे, नवऱ्याचे, सासूबाईंचे सगळे अर्ज त्यांनीच भरले, म्हणजे माझं नाव त्यांना ठाऊक होतंच. पण तोंडातून कधी निघालं नाही. पुढे पुढे मला स्वतःच्या नावाने कुणी हाक मारली की ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा.

काका कधी खुर्चीत बसून काम करायचे नाहीत. टेबलाला कंबर टेकवून, उभ्याने, एका बोटाने टाइप करायचे. त्यांची चामड्याची जुनी बॅग खिळ्याला टांगलेली असे आणि तिच्यात आता फक्त चष्मा आणि बडीशेपेची डबी राहायची. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि तिच्या खाली नेटचा डबा, लाल-हिरवे दिवे लुकलुकत असलेला. "भगवंताच्या पायाशी ठेवला तं तरी नेट टिकन," असं त्यांचं म्हणणं. टिकायचं नाही, ते सोडा.

आता त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. सरकारी कामांची ती वेबसाइट एकच, पण तिच्यात दाखल्यांचा भाग वेगळा, रेशनकार्डाचा वेगळा, शिष्यवृत्तीचा वेगळा, कॉलेजच्या प्रवेशाचा वेगळा. प्रत्येक भागात पुन्हा नव्याने खातं उघडायचं. पुन्हा नाव, गाव, आधार. पासवर्ड वेगळा, आणि मोबाइल नंबरही पाहिजे तर वेगळा. एकाच माणसाची चार-चार खाती. लोक वैतागायचे, बाकीचे सेंटरवाले शिव्या घालायचे. मीही त्यातलीच. आमच्या पंक्चरवाल्या मुनाफभाईंच्या मुलाची शिष्यवृत्ती याच भानगडीत अडकली. आधीचं खातं आठवेना म्हणून दुसरं उघडलं, दोन्हीकडून अर्ज गेला आणि दोन्ही नामंजूर झाले. मुनाफभाई माझ्या दुकानात येऊन रडकुंडीला आले होते.

"एकच खातं असतं तर काय बिघडलं असतं?" मी काकांशी भांडले.

काकांना मात्र ही वेगवेगळी खातीच फार पसंत होती. ते म्हणाले, "माणूस एक रायते, स्टुडिओ. त्याचे प्रवास निराळे रायतात. माया गाडीत कोर्टात चाललेला आन् पोरीले स्थळ पाह्याले चाललेला एकाच सिटावर बसे. तिकीट ज्याचं त्याच्यापाशी. मी याचं तिकीट त्याले कधी दाखवलं नाई."

"म्हणून मुनाफभाईंच्या पोराने वर्षभर हाल सोसायचे?"

 मग महिनाभर त्यांनी मुनाफभाईंच्या कामासाठी बुलडाण्याच्या चकरा मारल्या आणि ते काम करूनच आणलं. मला येऊन काही सांगितलं नाही. मुनाफभाईंनी पेढे आणले तेव्हा मला कळलं.

पण याचं तिकीट त्याला न दाखवण्याचं त्यांचं जे वेड होतं, ते शब्दशः होतं. एकदा गावातले एक वजनदार पुढारी येऊन बसले आणि घरकुलासाठी आपल्या वॉर्डातून कुणी कुणी अर्ज केले ते सांगा म्हणाले. चहा मागवा, असंही म्हणाले. काकांनी घंटी एकदाच वाजवली. "साहेब, तुमचा स्टॉप आला. सांभाळून उतरा, पायरी उंच हाय." पुढारी हसले, पण हसत हसत उठले. त्यानंतर कितीतरी दिवस काकांच्या दुकानासमोर रस्त्याचं खोदकाम पडून होतं.

आणि मग ती लेडीज सीट. बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक लहान फळी होती आणि तिच्यावर बटणांचा एक साधा फोन. फळीच्या कडेला काकांनी पांढऱ्या रंगाने, एसटीत लिहितात तशा अक्षरांत, 'स्त्रियांसाठी राखीव' असं लिहिलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खो खो हसले. मग त्यांनी त्याचा अर्थ सांगितला, आणि हसू आपोआप थांबलं.

आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या अर्जात नंबर असतो तो नवऱ्याचा, सासऱ्याचा, नाहीतर भावाचा. ओटीपी त्यांच्या खिशात जाऊन वाजतो. रेशनकार्डाला, दाखल्याला त्याने काही बिघडत नाही. पण एखादीला असाही अर्ज भरायचा असतो की जो घरी सांगायची तिची अजून तयारी नसते. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाला दिराच्या नकळत पेन्शनचं पाहायचं असतं. अशा बाईचं त्या कामापुरतं वेगळं खातं काका उघडायचे आणि त्यात फळीवरच्या फोनचा नंबर टाकायचे. ओटीपीचे आकडे त्या फोनवर यायचे. पुढे काही निरोप आला की काका तिला बाजारात गाठून, किंवा माझ्याकडे फोटोच्या निमित्ताने बोलावून सांगायचे.

"काका, एखादीच्या घरी कळलं तर तुमची धडगत नाही," मी एकदा म्हटलं.

"कळन ना, कळाचं तं हायेच कधी ना कधी. पण ते तिच्या तोंडून कळू द्या. फोनच्या तोंडून काऊन?"

हे त्यांचं वाक्य मला तेव्हाही आवडलं होतं. पुढे झालं ते मात्र नेमकं उलटं.

सुषमा ही श्रीरामभाऊंची सून. माहेर जानेफळचं, बारावीला चांगले मार्क, आणि लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्याच वर्षी सासूला अर्धांगवायू झाला. नवरा पुण्याला कंपनीत. घरात सासरा, अंथरुणाला खिळलेली सासू आणि ही. सासूला कूस बदलून देणं, पुसून घेणं, पाठीला जखमा होऊ न देणं, सगळं तिच्याकडे. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर तपासायला यायच्या, त्या तिला म्हणाल्या होत्या, पोरी, तुझा हात नर्सचा आहे. ते वाक्य तिने धरून ठेवलं.

ती माझ्याकडे फोटो काढायला आली तेव्हा काका शेजारून आले आणि दारात उभे राहिले.

"काका, मी रोज हेच करते," ती म्हणाली. "मंग शिकून काऊन नाई करू? अकोल्याले तीन वर्साचा कोर्स हाय. होस्टेल हाय."

"घरी?"

"जागा भेटली तं सांगन. नाई भेटली तं उगाच कायले आग लावू?"

काकांनी मान डोलावली. तिचं रेशनचं खातं सासऱ्याच्या नंबरवर आधीपासून होतं. प्रवेशाचं खातं वेगळं उघडलं, नंबर फळीवरचा. फोटोत ती हसली होती. तो अर्जावर चालणार नाही म्हणून मी दुसरा काढला, पण पहिला पुसला नाही. अर्ज गेल्यावर भिंतीपलीकडून डबल बेल ऐकू आली.

पावसाळ्याच्या तोंडावर वेबसाइट बदलली. पान उघडलं की वर मोठी पट्टी: एक व्यक्ती, एक खाते. एका आधारवर जितकी खाती असतील ती सगळी जोडून एक करायची, आणि सर्वात जुन्या खात्यातला मोबाइल नंबर तेवढा कायम राहणार. मला तर हायसं वाटलं. सासूबाईंचे चार पासवर्ड मीच सांभाळत होते. मुनाफभाई म्हणाले, "चला, देर से सही, अक्कल आली." काका ती पट्टी पुन्हा पुन्हा वाचत होते. मग फळीवरच्या फोनकडे पाहत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी श्रीरामभाऊ सुनेला घेऊन आले. खातं उघडलेलं असलं तरी तिचं नाव रेशनकार्डात चढवायचं राहिलं होतं. मी तेव्हा झेरॉक्सचे कागद द्यायला काकांकडेच गेले होते. श्रीरामभाऊ खुर्चीत, सुषमा मागे उभी. काकांनी रेशनचं खातं उघडलं आणि पडद्यावर आलं: या आधारवर आणखी एक खाते आढळले, सेवा: नर्सिंग प्रवेश, जोडा. खाली हिरवं बटण. श्रीरामभाऊंना वाचता येतं. चष्मा मात्र ते अजून खिशातून काढत होते. सुषमाचा चेहरा मी पाहिला. तिने पदर घट्ट धरला होता.

काकांनी घंटी एकदाच वाजवली आणि पडदा बंद केला.

"नेट गेलं, भाऊ."

"ते दिवे तं चालू हायेत," श्रीरामभाऊ डब्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"दिवे चालू रायतात. गाडीचे बी रायतात, इंजिन बंद पडलं तरी."

श्रीरामभाऊ उठले. जाताना काकांकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका बुलडाण्याला जाऊन आले. तिथल्या ऑफिसातला साहेब बोलायला भला होता म्हणे. पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. लोकांच्या सोयीसाठीच केलंय काका, म्हणाला. आणि बटण दाबलं नाही तर खाती जोडली जाणारच नाहीत, घाबरू नका. काका परत आले ते एकदम खुशीत. माझ्यासाठीही केळी आणली.

"बटण आपल्या हाती हाय, स्टुडिओ. मी दाबतच नाई ना! सांगा, कोण काय करते?"

"सुषमाला सांगितलं का हे सगळं?"

"तिले कायले भेव घालाचं? मी हावो ना."

मी हावो ना. आयुष्यभर बेलची दोरी ज्याच्या हातात होती, त्याला वाटतं की गाडी आपण थांबवली म्हणजे थांबली. उतरलेला माणूस दुसरी गाडी पकडून जाऊ शकतो, हे काका विसरले. मीही त्या दिवशी केळी खाल्ली आणि पुढे काही बोलले नाही. इतका त्यांच्यावर भरवसा.

श्रीरामभाऊंनी चार-सहा दिवस वाट पाहिली आणि कामासाठी बुलडाण्याला गेले होते तेव्हा तिथल्याच एका सेंटरात सुनेचं नाव चढवून घेतलं. सगळे कागद आणि फोन त्यांच्यापाशीच होता. तिथल्या पोऱ्याने पडदाही न वाचता हिरवं बटण दाबलं असणार. त्याची तरी काय चूक? त्याच्यापुढे रांग होती.

इकडे काका फळीवरच्या फोनकडे कान लावून. प्रवेशाची यादी लागायचे दिवस आले. फोन गप्प. ते त्याला चार्जिंगला लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. एकदा मलाच त्याच्यावर फोन लावून बघायला लावला, वाजला. शेवटी त्यांनी सुषमाचं प्रवेशाचं खातं उघडून पाहिलं. मला हाक मारली तो आवाज मी विसरणार नाही. पडद्यावर होतं: हे खाते बंद झाले आहे, आपल्या मुख्य खात्यातून प्रवेश करा. आणि खाली, मुख्य खात्याचा नंबर फुल्या-फुल्यांनी झाकलेला, शेवटचे आकडे तेवढे दिसत होते. श्रीरामभाऊंचे.

पुढे जायचं तर ओटीपी मागवावा लागणार, आणि तो वाजणार श्रीरामभाऊंच्या खिशात. म्हणजे तिला जागा मिळाली की नाही हेसुद्धा आता सासऱ्याला विचारल्याशिवाय पाहता येणार नव्हतं. काकांनी घंटी एकदा वाजवली. दुकानात आम्हा दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते अकोल्याला गेले. कॉलेजच्या फलकावर यादी लावलेली होती आणि तिच्यात सुषमाचं नाव होतं. हजर होण्याची मुदत उद्यापर्यंत. दुपारी ते परत आले ते सरळ माझ्याच दारात. उन्हाने आणि प्रवासाने चेहरा काळवंडलेला.

"स्टुडिओ, चला मायासंगं. बाईमाणूस संगं असलं तं बरं."

"कुठे?"

"श्रीरामभाऊच्या घरी. आता वरडूनच सांगा लागते."

 याचं तिकीट त्याला कधी न दाखवलेला हा माणूस आज एका पोरीचं तिकीट तिच्याच अंगणात उघडं करायला निघाला होता. मला त्यांची कीव आली, आणि सुषमासाठी भीती वाटली.

श्रीरामभाऊ ओसरीवर बायकोला टेकवून बसवत होते. सुषमा मागे उशा लावत होती. काका अंगणात उभे राहिले.

"भाऊ, सुषमाताईले अकोल्याले नर्सिंगले जागा भेटली. अर्ज मी भरला होता. उद्या शेवटचा दिवस हाय."

श्रीरामभाऊंनी बायकोची मान नीट केली. मग खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला.

"माहीत हाय मले. बाजाराच्या दिवशीच आला मेसेज."

"मामाजी!" सुषमा म्हणाली. "तुमाले माहीत होतं? मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू सांगतलं होतं मले? इचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं का?"

"म्हटलं असतं," ती म्हणाली.

 श्रीरामभाऊंनी बायकोकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "म्हटलं असतं. हिले कोण उचलन?" मग काकांकडे वळले, आणि त्यांचा आवाज चढला. "कंडक्टर, मायी बायको पोटुशी होती तवा तुमच्या गाडीत उभ्यानं नेली असती मी. तुमी माणूस उठवून हिले जागा देल्ली. ते मी आजवर सांगत फिरलो. आन् तुमी मायाच घरातलं माणूस माया माघारी गाडीत बसवलं?"

काकांनी मान खाली घातली. 

खरा घाव घातला तो सुषमाने, आणि तिला तो घालायचाही नव्हता. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "काका, वेबसाइट बदलून राह्यली हे मले सांगाचं होतं ना. मी आधीच बोलली असती घरी. भीत भीत, पण मीच बोलली असती."

त्या संध्याकाळी पुण्याहून नवऱ्याचे फोन झाले. मग जानेफळहून भाऊ आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. सासरच्यांचा राग निवेपर्यंत, असं ठरलं. माहेरच्यांनीही अकोल्याला पाठवलं नाही. आधीच बोभाटा झालाय म्हणाले. मुदत गेली, जागा गेली. सासूला उचलायला श्रीरामभाऊ एकटे उरले.

काकांनी ब्लेड घेऊन फळीवरची पांढरी अक्षरं खरवडून काढली. मग ज्या ज्या बाईच्या खात्यात त्या फोनचा नंबर होता, तिला एकेक करून गाठली. कुणाच्या शेताच्या बांधावर गेले, कुणाला दवाखान्याच्या रांगेत भेटले. प्रत्येकीला एकच सांगायचे, "ताई, गाडीचा रस्ता बदलला हाय. तुमाले उतराचं असन तं आताच उतरा, नाईतर घरी सांगून बसा. मले इचारू नका, तुमीच ठरवा." एका पोरीने त्यांच्यासमोरच वडिलांना फोन लावला म्हणे. दुसरीने अर्ज मागे घेतला. त्यांनी कुणालाही अडवलं नाही.

मी त्यांना समजावलं. चूक त्या बटणाची होती, तुमची नाही, असं म्हटलं. ते म्हणाले, "प्यासिंजरले सांगा लागते ना, गाडी कुठी वळून राह्यली ते. मी सांगतलं नाई. मले वाटलं, दोरी माया हाती हाय." त्यानंतर त्यांनी डबल बेल वाजवली नाही. अर्ज भरून व्हायचा आणि समोरचा माणूस उठायचं विसरून तसाच बसून राहायचा. मागचे लोक कुरकुरायचे.

थंडी संपता संपता छातीत कळ आली आणि बुलडाण्याला नेईपर्यंत काका गेले. धाडच्या स्टँडवर त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून आला. मी रडले, अगदी माहेरचं माणूस गेल्यासारखी रडले. त्यांचा मुलगा मेहकरला असतो. त्याने दुकान रिकामं केलं तेव्हा मी ती घंटी मागून घेतली. फोन मागितला नाही.

लोकांचे अर्ज काही थांबत नाहीत. ते माझ्याकडे येऊ लागले आणि मीही भरू लागले. बसून भरते. घंटी काउंटरवर ठेवली आहे, पण परवापर्यंत वाजवत नव्हते.

परवा दुपारी श्रीरामभाऊ आले. खूप वाळले आहेत. सदऱ्यावर औषधाचा डाग. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले, फोन काढून काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"सुनेचा नंबर बदलाचा हाय त्या खात्यात. तिचा सोताचा टाका."

"नवा घेतलाय तिने?"

"भावानं देल्ला." आणि त्यांनी सुषमाचा नंबर तोंडपाठ सांगितला.

"ती परत येणार आहे का भाऊ?" मला राहवलं नाही.

"मले काय माहीत? तिचे मेसेज माया फोनवर येतात. काल आला, नव्या वर्साचे अर्ज सुरू झाले म्हणून." ते भिंतीकडे पाहत होते, पलीकडे काकांचं दुकान होतं त्या बाजूला. "माया खिशात येऊन पडते न् मी वाचत बसतो. एकदा वाचून गप बसलो, तेच लय झालं. ते तिचं हाय, तिच्यापाशी जाऊ द्या."

मी खातं उघडलं. काउंटरवर त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात लावला नाही.

"तुमीच पाहा."

मी आकडे पाहिले आणि टाकले. मग जानेफळला सुषमाच्या फोनवर दुसरे आकडे गेले असणार. मी तिला फोन लावला, तिने ते सांगितले. कोण बसलंय ते मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तिने ओळखलं असावं, कारण आकडे सांगून झाल्यावरही तिने फोन लगेच ठेवला नाही. श्रीरामभाऊ काउंटरवर वाकून ऐकत होते.

पडद्यावर आलं: क्रमांक बदलला.

"झालं," मी म्हटलं.

"आता माया फोनवर?"

"काही येणार नाही."

"काईच नाई?"

"तिच्या खात्याचं काहीच नाही."

त्यांनी फोन खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला आणि खिशात ठेवला. त्यांच्या मागे दोन मुली गुणपत्रिका हातात घेऊन उभ्या होत्या. माझा हात घंटीकडे गेला. जरा थांबले, आणि मग दोनदा वाजवली. धाडमध्ये तिचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही, आणि श्रीरामभाऊ तर काकांच्या गाडीचे जुने प्रवासी. दोन्ही मुली एक पाऊल पुढे सरकल्या.

श्रीरामभाऊ उठले नाहीत. खिशावर हात ठेवून तसेच बसून राहिले. मीही त्यांना उठा म्हटलं नाही.